‘सेकंड’ची लाज आणि जहेजचा नवा पलंग

आमच्याकडे ‘सेकंड’ हा शब्द उच्चारताना कुणाची मान खाली जात नाही, अशा वस्तू दोनच. मोटारसायकल आणि मोबाइल. सेकंडची गाडी चांगल्या भावात मिळाली, तर माणूस टपरीवर चार लोकांना बोलावून दाखवतो. घर बहुतेकदा सेकंडचंच असतं. सोनं तर किती हातांतून गेलंय याचा पत्ता नसतो. सराफ ते वितळवतो आणि आपण नवं म्हणून घेतो. पण मुलीच्या निकाहात सागवानी जुना पलंग पॉलिश करून दिला, की नातेवाईक असे बघतात, जणू बापानं मुलीला उघड्यावर सोडलं. “सेकंड का माल देते क्या बेटी को?” हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता कुठल्या घरी कोण बोललं हे आठवत नाही. दरवेळी सासरचीच माणसं बोलतात असंही नाही. पुष्कळदा मुलीची खालाच बोलते, फुफूच बोलते.

मला या वाक्याशी भांडायचं आहे. कारण त्याची किंमत मुलीचा बाप हप्त्यांनी फेडतो, मुलगी दोन-तीन पावसाळ्यांत फेडते आणि आपल्याच गल्लीतला कारागीर आयुष्यभर फेडत राहतो.

‘सेट’ म्हणजे काय असतं ते आधी पाहू. मिरज-सांगलीच्या रस्त्यांवर फर्निचरच्या शोरूमची रांग लागलेली आहे. लग्नसराईत तिथं ‘शादी पॅकेज’ मिळतं. डबल बेड, त्यावर गादी, तीन दारी कपाट, ड्रेसिंग टेबल, सोफा, टीपॉय. गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका रिक्षाचालकानं हा सेट ८५ हजारांना घेतला. १५ हजार रोख आणि उरलेले हप्त्यांवर. पलंगाच्या उशाला सोनेरी नक्षी, मध्ये बटणं लावलेलं पांढरं रेक्झिन, कपाटावर आरसा. उजेडात सगळं झगमगत होतं. मी सवयीप्रमाणे कपाटाच्या मागं हात घातला. मागची बाजू पुठ्ठ्यासारख्या पातळ बोर्डाची, चार पिनांवर टेकवलेली. बाकी सगळं पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुगा रासायनिक डिंकात कालवून, दाबून केलेला पाट. वरून लाकडाच्या रेषांचं चित्र छापलेला कागद. आपण लाकूड म्हणून विकत घेतो, ते लाकडाचं छायाचित्र असतं.

या पाटाला दोन खोडी आहेत. एक, त्यात स्क्रू एकदाच बसतो. बिजागरी निसटली की भोक मोठं होतं, पुन्हा तिथं काही धरत नाही. दुसरी, पाणी. कडेची पट्टी जरा उचकटली आणि फरशी पुसतानाचं पाणी आत गेलं, की भुगा फुगतो. फुगलेला पाट वाळवला तरी परत बसत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्या नव्या जोडप्यासाठी, ज्यांना पाच वर्षांत तीन घरं बदलायची आहेत, ही वस्तू म्हणजे वाळूची वीट आहे. दोनदा उकलून जोडली की संपली.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटतं, त्यांनी ऑगस्ट २०१९ आठवावा. कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं, आठवडाभर राहिलं. पाणी उतरल्यावर रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना घरातल्या वस्तूंचे ढीग लागले होते. त्या ढिगांत सर्वांत जास्त काय होतं? गाद्या, सोफे आणि फुगलेली कपाटं. दारं हाताला लागताच शिजलेल्या भातासारखी सुटत होती. मी शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर चिखल काढायला जात होतो. एका घरात आजीच्या काळचं सागवानी फडताळ होतं. पाण्यानं त्याचं पॉलिश दुधासारखं पांढरं झालं होतं, सांधे ढिले पडले होते, एक खण आत अडकून बसला होता. घरमालक तेही ढिगावर टाकायला निघाले होते. त्यांच्या शेजारच्या पॉलिशवाल्या चाचांनी अडवलं. “भाईजान, ये डूबा है, मरा नहीं.” फडताळ दीड महिना पत्र्याच्या सावलीत, विटांवर उभं करून, दारं उघडी ठेवून वाळवलं. उन्हात ठेवलं असतं तर तडे गेले असते. मग सांधे उकलून, साफ करून, सरस लावून पुन्हा आवळले. लाखेच्या पॉलिशला पाणी लागलं की ते पांढरं पडतं, पण स्पिरिटचा हात फिरवला की बरंच मागं येतं. जिथं आलं नाही तिथं नवं चढवलं. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. या वेळी ते फडताळ माळ्यावर चढवलेलं होतं. खालच्या खोलीत २०१९ नंतर हप्त्यांवर घेतलेलं नवं कपाट होतं. ते दुसऱ्या ढिगावर गेलं. हप्ते मात्र बाकी होते.

आता यात कुणाची वस्तू ‘सेकंड’?

जुन्या वस्तूला नवं रूप देणं म्हणजे वरून रंग फासणं, असा एक समज आहे. एकदा सोफा उघडताना बघत बसावं. आमच्या शाळेजवळ एक नदाफ कुटुंब आहे. नदाफ हा शब्द मूळ अरबी, अर्थ कापूस पिंजणारा. पश्चिम महाराष्ट्रात नदाफ, पिंजारी, मन्सुरी ही आडनावं गावोगाव भेटतात आणि या सगळ्यांच्या मागं एक धनुकली उभी आहे, जिच्या तातीच्या टणत्कारानं एके काळी गल्लीला हिवाळा आल्याचं कळायचं. आता पिंजायला यंत्र आहे. पण सोफा अजून हातानंच उघडावा लागतो.

आधी मागचं कापड निघतं. मग चुका, म्हणजे ते बारके रुंद डोक्याचे खिळे, एकेक करून उपटायचे. एका जुन्या सोफ्यात अशा शेकडो चुका निघतात. तीन वेळा कापड बदललं असेल तर तीन पिढ्यांच्या. आत तरट, तरटाखाली काथ्या, काथ्याखाली स्प्रिंगा, स्प्रिंगांखाली नवारीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या. बसल्यावर सोफा खड्ड्यात गेल्यासारखा वाटतो, तेव्हा लोक म्हणतात फोम गेला. बहुतेक वेळा फोम गेलेला नसतो, खालची नवार सैल झालेली असते. नवीन फोम टाकून देणारा माणूस तुम्हाला फसवतो, नवार ताणणारा माणूस सोफा वाचवतो. फोम घ्यायचाच तर त्याची घनता विचारावी. बैठकीला ४० ची, पाठीला ३२ ची. दुकानात बोटानं दाबून सगळेच फोम सारखे लागतात. फरक सहा महिन्यांनी कळतो. कापड कापताना नक्षीची दिशा सगळ्या बैठकांवर एक यायला हवी, म्हणून कापड जास्त लागतं. ‘इतकं कशाला?’ असं विचारून मीटर कमी करणाऱ्यांच्या सोफ्यावर फुलं नंतर आडवी उगवतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका शिक्षक मित्राचा पाच बैठकांचा सागवानी सोफा या कुटुंबाकडून करून घेतला. जुन्या बाजारातून घेतला तेव्हा त्याला ९ हजार पडले. ११ मीटर कापड ३५० रुपयांनी, म्हणजे ३,८५०. फोम ४,२००. नवार, तरट, चुका, दोरा मिळून ८००. गादीकामाची मजुरी ४,५००. लाकडाचं पॉलिश वेगळ्या माणसानं केलं, त्याचे ३,०००. सगळे मिळून २५,३५०. त्याच रस्त्यावरच्या शोरूममध्ये प्लायच्या चौकटीवर पातळ कापड ओढलेला सोफा त्याहून महाग होता. मी हिशेब मुद्दाम फोडून लिहिला, कारण आपल्याकडे ‘जुनं दुरुस्त करण्यात पैसे वायाच जातात’ हे वाक्य कुणी कधी हिशेब करून बोलत नाही.

पॉलिशचं काम तर त्याहून कमी लोकांना समजतं. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचा किडा आपलं घर करतो. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांतून ती लाख येते, तिचा चपडा होतो, चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. आधी जुना थर उतरवायचा, पॉलिश पेपरनं लाकडाच्या रेषेच्या दिशेनं घासायचं, आडवं घासलं तर ओरखडे कायमचे. खडूच्या पुडीत गेरू किंवा पिवडी मिसळून लाकडाची रंध्रं भरायची. मग मलमलच्या फडक्यात कापसाचा गोळा बांधून हात फिरवायचा. एक थर, वाळू द्यायचा, दुसरा थर. हात मध्येच थांबला तर तिथं डाग पडतो. हे तंत्र कुठल्याही आयटीआयच्या वर्गात एका सत्रात शिकवता येणार नाही. तो हाताचा रियाज आहे.

रियाज हा शब्द मिरजेत सहज आठवतो. या गावात सतारी आणि तंबोरे बनवण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी, आणि ती मुस्लिम कारागिरांनी उभी केलेली. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं गवय्ये येतात ते नवं वाद्य घ्यायला, तसे जुनं दुरुस्त करून घ्यायलाही. पन्नास वर्षं वाजलेल्या भोपळ्याचा तंबोरा दुरुस्त होऊन आला की कुणी नाक मुरडत नाही. उलट ‘जुना आहे’ हे सांगताना आवाज चढतो. त्याच गावात, त्याच कौमच्या दुसऱ्या कारागिरानं त्याच लाखेनं चमकवलेला पलंग मात्र लाजेची गोष्ट. या दोन्हींत फरक लाकडाचा नाही. तंबोरा घेणारा स्वतःच्या कानानं घेतो, जहेजचा पलंग घेणारा लोकांच्या डोळ्यांनी.

आणि रंगाबद्दल माझी मतं जरा कडक आहेत, ती सांगून टाकतो. लोखंडी कॉट, पत्र्याचं कपाट, देवदाराच्या खोक्याच्या फळ्यांचं टेबल, यांना रंग हवाच. पत्र्याच्या कपाटाचा गंज तारेच्या ब्रशनं काढून, रेड ऑक्साइडचा हात देऊन, वरून फवाऱ्यानं रंग मारला तर ते वीस वर्षं चालतं. हे काम आमच्याकडे गॅरेजमधले डेंटिंग-पेंटिंगवाले करतात. गाडीच्या दाराला आणि कपाटाच्या दाराला त्यांच्या लेखी फरक नाही, आणि भावही वाजवी घेतात. पण सागवान-शिसवावर ऑइल पेंट थापणाऱ्याला मी माफ करत नाही. सरकारी कचेऱ्यांनी वर्षानुवर्षं तेच केलं. आता मोबाइलवरचे व्हिडिओ तेच शिकवतात, फक्त त्याला चॉक पेंट म्हणतात. हा रंग १९९० मध्ये ब्रिटनमधल्या अ‍ॅनी स्लोन या बाईंनी काढला. घासायची कटकट नको, थेट जुन्या लाकडावर लावा, असा त्याचा महिमा. तिकडच्या स्वस्त पाइनच्या वस्तूंना तो शोभतही असेल. आपल्या शिसवी टेबलावर पांढरा रंग लावून, मग कडा मुद्दाम घासून जुनाट दाखवणं म्हणजे खऱ्या म्हाताऱ्याला पावडर लावून वर खोट्या सुरकुत्या काढण्यासारखं आहे.

पण माझा राग त्या पांढऱ्या रंगावर नाही. तो ज्या भावात आणि ज्या नावानं विकला जातो, त्यावर आहे. मुंबईत मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात जा, जोगेश्वरीच्या ओशिवरा मार्केटमध्ये जा. जुन्या बंगल्यांतले पलंग, बंद पडलेल्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या तिथं येतात. या खुर्च्यांचा मूळ नमुना थोनेट यांनी १८५९ मध्ये काढला; सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटी करून पाठवायची वस्तू होती ती, आणि तरी तिच्या पिढीतल्या खुर्च्या शंभर वर्षं चहाच्या कपांखाली टिकल्या. चोरबाजारात मागच्या अंगाला बसून कुणीतरी मुसलमान पोरगा त्यांची वेताची बैठक नव्यानं विणतो, पाय बसवतो, पॉलिश करतो. पुढं तीच खुर्ची एखाद्या वातानुकूलित दुकानात ‘व्हिंटेज’ होते. तिथं जुनेपणाचे पैसे घेतात. गिऱ्हाईक अभिमानानं सांगतं, “ही माझी इराणी चेअर.” म्हणजे जुन्याची लाज श्रीमंतांना नाही. ती फक्त गरिबाच्या गळ्यात बांधलेली आहे. श्रीमंताच्या दिवाणखान्यात जी ‘वारसा’, ती रिक्षावाल्याच्या जहेजमध्ये ‘सेकंड का माल’.

इथं मला माहीत आहे, काही वाचक म्हणतील, सर, तुम्ही जहेज स्वस्त करून देताय, बंद करायला सांगा. बरोबर आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. त्याखालच्या १९८५ च्या नियमांनुसार लग्नात दिलेल्या भेटवस्तूंची यादीसुद्धा लिहून ठेवायची असते. आपण यादी करतो खरी, पण ती टेम्पोत भरताना मोजायला. मी जहेजच्या बाजूनं एक शब्द बोलत नाही. पण जहेज बंद झालं तरी नवं जोडपं जमिनीवर झोपणार नाही. पलंग, कपाट, बसायला काही तरी लागेलच. ते नवऱ्यानं आपल्या कमाईतून आणावं. आणि त्याच्या कमाईत जे चांगलं बसतं ते जुनंच आहे. आज तो ‘नवंच हवं’ म्हणून बसतो, आणि त्याच्या खिशात नव्याचे पैसे नसतात, म्हणून तर नजर सासऱ्याच्या खिशाकडे जाते. जहेजला आपण हरामखोरी म्हणतो, वाझमध्ये ऐकतो, मान डोलावतो. पण ज्या नव्याच्या हट्टावर ते उभं आहे त्या हट्टाला हात लावत नाही.

दुसरे काही जण ‘जहेज-ए-फातिमी’चा दाखला देतात. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी आपल्या लेकीला दिलं, मग आम्ही का देऊ नये? काय दिलं होतं ते हदीसमध्ये आलेलं आहे. एक चादर, एक पाण्याची मशक आणि इजखर नावाचं गवत भरलेली चामड्याची उशी. या यादीत शोरूम कुठं आहे? गवत भरून उशी शिवणारा हात आहे, म्हणजे गादीवाला आहे. आणि हेही सांगितलं जातं की हजरत अली (रजि.) यांनी मेहरसाठी आपलं चिलखत विकलं होतं. म्हणजे त्या लग्नाच्या खर्चाला एक वापरलेली वस्तू विकून पैसा आला. पैगंबर स्वतः आपल्या चपला सांधत, कपड्यांना ठिगळ लावत, हे हजरत आयेशा (रजि.) यांच्या हवाल्यानं आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. ठिगळाची सुन्नत पाठ करायची आणि ठिगळ लावणाऱ्याला हलका समजायचं, हे दोन्ही एका डोक्यात राहतं कसं, हा प्रश्न मी माझ्या सहकाऱ्यांना विचारत असतो. उत्तर आजवर मिळालेलं नाही.

तिसरा आक्षेप नहूसतचा. म्हणे त्या पलंगावर कोण झोपलं असेल, कोण मेलं असेल. मोहल्ल्यातल्या बायका हे हळू आवाजात बोलतात. ज्या घरात आपण राहतो तिथं किती जण मेले, हे कुणी घरमालकाला विचारलंय का? मयतीचा जनाजा ठेवायची डोली मशिदीत सगळ्यांसाठी एकच असते. वस्तूला नहूसत चिकटते, असं मानायला आपल्या दीनमध्ये जागा नाही. जुन्या पलंगाला चिकटतात ते ढेकूण. आणि ती भीती मात्र खरी आहे, तिची चेष्टा करू नये.

म्हणून जुनं घेताना डोळे उघडे ठेवून घ्यावं. वस्तू उलटी करून बघावी. दुकानदार समोरून चमकवतो, खालून चमकवायचा कंटाळा करतो. खण बाहेर काढून त्याचा तळ आणि मागची बाजू बघावी. तिथं प्लाय असेल तर पुढचं सागवान नुसतं कातडं आहे. लाकडाला बारीक भोकं दिसली तर घाबरू नये, पण भोकाखाली ताजी पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत कीड जिवंत आहे, ती वस्तू सोडावी. सांधा हलत असेल तर तो दुरुस्त होतो. लाकूड तंतूतून फाटलं असेल तर भाव निम्म्यावर आणावा. जुनी गादी, जुना फोम, जुनं तरट कितीही चांगलं दिसलं तरी घरात आणू नये. सगळं सोलून, चौकट उघडी करून, फटींत औषध मारून मगच आत घ्यावी. ढेकणांची घरं शिवणीत आणि चुकांच्या डोक्याखाली असतात. आणि जुना ऑइल पेंट असेल तर तो घरात, पोरांच्या समोर कोरडा घासू नये. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत किती आहे ते सांगता येत नाही. ओलं करून घासावं, अंगणात घासावं, तोंडाला फडकं बांधावं.

हे शेवटचं वाक्य लिहिताना मला पॉलिशवाले आठवतात, जे तोंडाला काहीही बांधत नाहीत. दिवसभर लाकडाची भुकटी आणि स्पिरिट. संध्याकाळी खोकला. त्यांच्या मजुरीवर आपण घासाघीस करतो. शोरूममध्ये छापील बिल निमूट भरणारा माणूस याच्या तीन हजारांतले पाचशे कमी करूनच उठतो. वर म्हणतो, “अपनेवाले हो.” आपलेपणा हा फक्त सवलत मागण्यासाठी असतो काय?

माझ्या आठवीच्या वर्गात मी ‘माझे वडील’ हा निबंध मराठीत लिहायला देतो. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीत घरची भाषा सापडावी म्हणून. एका मुलाचे वडील गादीकाम करतात, हे मला ठाऊक होतं. आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या खुर्च्या त्यांनीच शिवल्या आहेत. मुलानं लिहिलं होतं, ‘माझे वडील फर्निचरचा बिझनेस करतात.’ व्याकरणाची एकही चूक नव्हती. मी दहापैकी आठ दिले. लाल शाईनं खाली लिहिणार होतो की नवार, काथ्या, चुका, तरट हे मराठी शब्द तुला माझ्यापेक्षा जास्त येतात, ते का नाही लिहिलेस? मग वाटलं, हा प्रश्न त्या मुलाला विचारायचा नाही. त्याच्या घरी येऊन सोफा शिवून घेणाऱ्या आणि जाताना ‘गादीवाला’ म्हणून हाक मारणाऱ्या लोकांना विचारायचा आहे. तुमच्या डोळ्यांतली लाज त्याच्या वहीत उतरलेली आहे.

शाळांचंही तेच. मी पूर्वी ज्या संस्थेत होतो तिथं सागवानी जुने बाक होते, बसायला जरा ठेंगणे, पण भक्कम. अनुदान आलं, लोखंडी पाइप आणि प्लायचे नवे बाक आले. जुने बाक लिलावात किलोच्या भावानं गेले. घेणारा जळाऊ लाकडाच्या वखारीचा नव्हता, जुन्या फर्निचरचा व्यापारी होता. त्याला माहीत होतं तो काय घेतोय. नव्या बाकांची प्लाय साध्या एमआर दर्जाची. खिडकीतून पाऊस येणाऱ्या रांगेतल्या बाकांचे थर दुसऱ्याच वर्षी सुटे झाले. कागदोपत्री मात्र शाळेचं ‘आधुनिकीकरण’ झालेलं होतं.

आता कामाचं. प्रत्येक जमातीकडे लग्नासाठी देगा असतात, ताटं असतात, सतरंज्या असतात. पिढ्यान्‌पिढ्या त्याच देगेत बिर्याणी शिजते. आधी त्यात कुणाच्या घरचं शिजलं हे विचारून कुणी जेवण नाकारत नाही. कल्हई गेली की कल्हईवाला बोलावतात. मग याच जमातीनं एक पत्र्याची शेड का उभी करू नये? लोक घर बदलताना, वाटणी होताना, पूर ओसरल्यावर चांगलं लाकूड भंगारात देतात, ते तिथं जमा करावं. एक सुतार, एक पॉलिशवाला, एक गादीवाला यांना रोजंदारीवर बसवावं, पूर्ण मजुरी द्यावी. तयार वस्तू नव्या जोडप्यांना लागत भावात द्यावी, नवऱ्याच्या पैशानं, पावतीसकट. दान म्हणून अजिबात देऊ नये. दान म्हटलं की पुन्हा तीच लाज मागच्या दारानं आत येते. बैतुलमालमधून पहिलं भांडवल निघू शकतं. जकातीचा पैसा यात गुंतवता येईल का, ते आलिमांना विचारावं. मजुरी आणि सामानाला चंद्याचा पैसा पुरेसा आहे.

ही सूचना मी आमच्या भागातल्या एका जमातीच्या विश्वस्तांना लेखी दिली, मराठीत आणि उर्दूत, खाली वरच्यासारखाच पै-पैचा हिशेब जोडून. एका साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “मास्टर, बात अच्छी है, लेकिन पहले लेगा कौन?” मी म्हटलं, तुमच्या नातवाचं लग्न आहे ना मेमध्ये. ते हसले. विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ असं ठरलं. त्यानंतर तीन मीटिंगा झाल्या. हॉलसाठी दोनशे नव्या प्लास्टिकच्या खुर्च्या घ्यायचा ठराव तेवढा मंजूर झाला.